एन्क्रिप्टेड फोल्डर : 'सर्व्हर बघून घेतो' म्हणे!

उद्यमबाग टूलरूम : कालची पोस्ट म्हणते, सामायिक फोल्डर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड करा (म्हणजे किल्ली फक्त वापरणाऱ्यांच्या यंत्रावर), दोघांनी एकच ड्रॉइंग बदललं तरी सर्व्हर बघून घेतो. कशाच्या जोरावर? किल्ली त्याच्याकडे नाही, म्हणून तर ते घ्यायचं. बोअरचा टॉलरन्स (भोकाच्या मापातली सूट) कुठल्या प्रतीत बदललाय हे त्याला ब्रह्मदेवही सांगणार नाही. निवाडा तुमच्या यंत्रावरच होतो, तोही आंधळा. सिंकथिंग या यंत्रायंत्रांतल्या फायली सारख्या ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोघांचे बदल भिडले की बदलाची वेळ जुनी असलेली फाइल 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख, वेळ असं शेपूट लावून बाजूला जाते. शॉपफ्लोअरच्या पीसीतली सीआर२०३२ बॅटरी संपलेली असली की घड्याळ मागे पडतं आणि ताजं रिव्हिजनच 'जुनं' ठरतं. मूळ नावाने उरलेलं जुनंच ड्रॉइंग पॅटर्नवाल्याकडे (साच्याचा नमुना बनवणाऱ्याकडे) जातं. अशा बाजूच्या प्रतीही, सेटिंग बदललं नाही तर, एका फाइलच्या १०च ठेवल्या जातात.

निपाणीकर : पाच माणसांच्या वर्कशॉपला एन्क्रिप्शन कशाला ओ? ऑफिसात साधा सर्व्हर ठेवा, एकाने फाइल उघडली की दुसऱ्याला फक्त वाचता येते. सगळे संरक्षण खात्यात असल्यासारखे वागतात.

उद्यमबाग टूलरूम : ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असतं, आपल्या बापाचं नव्हे. आणि लॉक एका सर्व्हरवर चालतं, सिंकमध्ये नाही. लिब्रेऑफिसची लॉक फाइल ('हे कुणीतरी उघडलंय' सांगणारी) हीसुद्धा फाइलच; सेटिंग बदललं नाही तर सिंकथिंग बदल टिपायला १० सेकंद थांबतं, मग तिचा प्रवास. खानापुरात वीज आणि वायफाय गेलं की लॅपटॉपवर काम चालू राहतं, लॉक मात्र कुणापर्यंत पोचत नाही.

कॅम्प, बेळगाव : कॉन्फ्लिक्टवर भांडा, पण 'एन्क्रिप्टेड' या पाटीवर एवढा विश्वास? २०२२मध्ये ईटीएच झुरिक या स्विस विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की मेगा या क्लाउड सेवेचा सर्व्हर फितूर झाला तर ५१२ लॉगिनमध्ये वापरणाऱ्याची खाजगी एन्क्रिप्शन किल्ली (आरएसए) काढता येत होती. २०२४मध्ये त्याच संस्थेतून अशा पाच क्लाउड सेवा तपासल्या. त्यातल्या सिंक डॉट कॉम आणि पीक्लाउडमध्ये सर्व्हरला स्वतःची किल्ली घुसवता येत होती. फाइल वाटायच्या लिंकचंही तेच, पाटीवर विसंबू नका. '#' च्या पुढची किल्ली सर्व्हरला जात नाही हे खरं, पण तीच अख्खी लिंक तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकता. काढून टाकलेल्या माणसाकडची उतरवलेली प्रत परत येत नाही. त्याला यादीतून काढल्यावर किल्ली बदलली जाते का ते तरी बघा.

खानापूर रोड : नावांचं कुणी बोलतच नाही! नॅसवरचं (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज-डब्यावरचं) एन्क्रिप्टेड फोल्डर ईक्रिप्टएफएस या एन्क्रिप्शन पद्धतीवर असेल तर फाइलच्या नावाला १४३ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. नुसत्या 'श्री'ला १२ बाइट. गाव, सर्व्हे नंबर, दोघा भावांची नावं घालून उतारा सेव्ह करायला गेलं की 'नाव फार मोठं'.

निपाणीकर : म्हणून म्हणतो, इंग्रजीत नावं द्या.

खानापूर रोड : का द्यायची? आधी बोर्डावरून मराठी गेली, आता फोल्डरमधूनही घालवा!

शहापूर डीटीपी : राजकारण दुसऱ्या धाग्यावर. खरी गोची युनिकोडची, म्हणजे अक्षरांना दिलेल्या कोडची आहे. 'दुसऱ्या'मधला ऱ मॅकच्या एचएफएस प्लस या फायली साठवायच्या जुन्या पद्धतीवर र आणि नुक्ता असा सुटा साठतो, विंडोजवर टाइप केला की एकच चिन्ह. डोळ्याला एक नाव, सिंकला दोन फायली. कन्नडचा दीर्घ ओकार तर तीन तुकड्यांत सुटतो, तेव्हा रडगाणं फक्त मराठीचं नाही. क्रिप्टोमेटर हा एन्क्रिप्शनचा प्रोग्राम नाव एन्क्रिप्ट करण्याआधी एकरूप करून घेतो. सिंकथिंगमध्ये नावं अशीच एकरूप करणारं 'ऑटो नॉर्मलाइज' चालू असतं, ते बंद करू नका.

खानापूर रोड : कन्नडलाही त्रास होतो हे ऐकून जिवाला थंडावा मिळाला. १४३ बाइटचं काय?

शहापूर डीटीपी : नाव छोटं ठेवा, बाकी तपशील आत. दुसरा इलाज नाही.

निपाणीकर : म्हणजे शेवटी माझंच. असो. बाहेरच्या सर्व्हरवर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग उघडं ठेवू नये एवढं मान्य, महाराज. पण मग लॉक कसं करणार?

उद्यमबाग टूलरूम : प्रत्येक ड्रॉइंगला एक मालक, बाकीच्यांच्या यंत्रावर ते फोल्डर सिंकथिंगमध्ये 'रिसीव्ह ओन्ली' (फक्त घेणारं, बदल न पाठवणारं). रिव्हिजन नावातच, आर०३, आर०४. जुन्यावर सेव्ह करायचं नाही. 'स्टॅगर्ड' व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवायची सोय) हाताने चालू करावं लागतं, आणि ते दुसऱ्या यंत्रावरून आलेले बदलच जपतं, स्वतःच्या यंत्रावर पुसलेलं नाही. आठवड्यातून एकदा 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' शोधा. बाहेरच्या यंत्रावर बॅकअप ठेवायचा तर ते यंत्र सिंकथिंगमध्ये 'अनट्रस्टेड' (भरवशाचं नसलेलं) करून पासवर्ड द्या. त्याला आतलं दिसत नाही, पण फाइल किती मोठी आणि कोणता भाग कधी बदलला हे कळतं.

कॅम्प, बेळगाव : तो पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत. हरवला तर तो बॅकअप कुणाच्याच कामाचा नाही.