कलुंगा म्हणजे वैतरणी?

प्रश्न : अंगोला आणि दोन्ही काँगो देशांतल्या बाकोंगो लोकांच्या श्रद्धांवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'कलुंगा'पाशी गाडी अडली. जिवंतांचं जग आणि मेलेल्यांचं जग यांच्यामधली पाण्याची रेषा. 'वैतरणी' चालेल का?

– नको. वैतरणी म्हटलं की गोदान, यमदूत, पापांचा हिशोब, सगळं मागोमाग येतं. कलुंगाच्या वर न्सेके, म्हणजे आपली ही जमीन. खाली म्पेम्बा, मृतांचा प्रदेश. सूर्य इथे मावळला की तिथे उगवतो, इथली मध्यरात्र ती तिथली दुपार. माणसाचंही तसंच, आणि तो फिरून परत येऊ शकतो. वैतरणीला परतीची नाव नसते.

– मूळ शब्द 'कालगंगा' असेल का?

– कानाला गोड आहे, पण नाव जुळलं म्हणून सोयरीक होत नाही. किकोंगो ही बाकोंगोंची भाषा, आफ्रिकेतल्या बांटू कुळातली; अनेकवचनात शब्द पुढून बदलतात. एक न्किसी (मंतरलेली वस्तू), अनेक मिन्किसी. एक न्गांगा (वैदू-पुजारी), अनेक बान्गांगा. संस्कृतचं घोडं इथे दामटू नये.

– एक गुंता राहिलाच. फु-किआउ या काँगोच्याच अभ्यासकांच्या मांडणीत आधी म्बुंगी, नुसती पोकळी. तिच्यात ठिणगी पेटली, तिचंही नाव कलुंगा. ती वाढत गेली, तापून वितळली, निवल्यावर पृथ्वी झाली. म्हणजे आग, समुद्र, सीमा, सगळ्याला हाच शब्द. ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्यांबरोबर तो तिथे गेला. तिथल्या उम्बांडा पंथात 'मोठी कलुंगा' म्हणजे समुद्र आणि 'धाकटी' म्हणजे स्मशान.

– बाकोंगोंचं दिकेंगा, म्हणजे विश्वचक्राचं चिन्ह, पाहिलंत का? वर्तुळात क्रॉस. उजवीकडे काला (जन्म, काळा), वर तुकुला (ऐन उमेद, लाल), डावीकडे लुवेम्बा (मृत्यू, पांढरा), तळाशी मुसोनी (पिवळा). फिरायचं डावीकडून, आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. आपल्याकडे उलटं फिरणं पितृकार्यात, म्हणून आधी दचकलो. पण म्बान्झा काँगो, बाकोंगोंची जुनी राजधानी, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे 6 अंशांवर. उत्तरेकडे तोंड करून उभं राहा : वर्षातला बराच काळ सूर्य उजवीकडून वर चढतो आणि डावीकडे उतरतो. अर्थात हा आपला माझा तर्क.

– मग 'कलुंगा ओलांडला' की 'ओलांडली'?

– किकोंगोत आपल्यासारखं लिंगच नाही. रेषा मनात असेल तर 'ओलांडली' लिहा. सागर असेल तर पंचाईत.

प्रश्नकर्ती : 'ओलांडली' ठेवते, पहिल्या वेळी 'पाण्याची रेषा' असा खुलासा. आता म्पेम्बा. पांढऱ्या मातीलाही तोच शब्द आहे, आणि मेलेल्यांचा रंगही पांढराच. 'परलोक' लिहिलं तर माती हातची जाते.

– मग परलोक लिहू नका. 'म्पेम्बा, पांढऱ्या मातीचा मुलूख' असं एकदा लिहा, पुढे नुसतं म्पेम्बा.