मदत हवी आहे: जर्मनीत परिचारक म्हणून काम करताना श्वाबी बोली कशी समजून घ्यावी?

नमस्कार. मी मूळचा चोपडा तालुक्यातील असून गेल्या सात महिन्यांपासून श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात परिचारक म्हणून काम करतो. जळगावात असतानाच जर्मनची बी २ (मध्यमाहून वरच्या पातळीची) परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. आपल्या भाषेप्रमाणेच जर्मनमध्ये तीन लिंगे असल्यामुळे व्याकरणाचा धाक वाटला नाही, फक्त तिथे सूर्य स्त्रीलिंगी आहे एवढे लक्षात ठेवावे लागले.

अडचण वेगळीच आहे. वॉर्डातील वृद्ध रुग्ण श्वाबी या इथल्या स्थानिक जर्मन बोलीत बोलतात. गेल्या आठवड्यात एका आजींनी ‘टेपिख’ मागितले. पुस्तकात त्याचा अर्थ गालिचा असल्याने मी जमिनीकडे पाहत राहिलो आणि त्या बिचाऱ्या थंडीने कुडकुडत होत्या, कारण श्वाबीत टेपिख म्हणजे ब्लँकेट. ‘फूस’ दुखतो म्हटले, तर प्रमाण भाषेत पाऊल, पण इथे मांडीपर्यंतचा सबंध पाय असू शकतो. (आपल्या ‘पाय’ शब्दाचेही तसेच आहे म्हणा.) प्रमाण मराठी शिकून आलेल्या माणसाला आमच्या अहिराणीतले ‘आठे-तठे’ (इथे-तिथे) ऐकताना काय वाटत असेल, ते आता उमगते.

दक्षिण जर्मनीत रुग्णसेवेत असलेल्यांनी कृपया सांगावे: बोलीसाठी आपण काय ऐकले, कोणाशी बोललात, आणि औषध किंवा वेदनेविषयी न समजल्यास रुग्णाला न दुखावता पुन्हा कसे विचारता? रात्रपाळीत सोबत कोणी नसते, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले तर बरे होईल.