रिकामी खोकी, पुडे, बुचं : घरी केलेले गणिताचे खेळ, तुमचे अनुभव लिहा

आपल्याकडे विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. तोवरच्या दुपारी लेकरांना बाहेर सोडायची सोय नसते. अशा दुपारी घरातल्या रिकाम्या खोक्या-पुड्यांतून गणिताचा कोणता खेळ केलात आणि तो कसा खेळता, ते लिहा. विकतचे संच नकोत. आणखी एक अट: फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, त्यांची बुचं आणि बियाण्याची पाकिटं कितीही धुतली तरी घ्यायची नाहीत. पाकिटातल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे इथे कुणाला नव्यानं सांगायला नको.

सुरुवात मी करते. तीस अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून पाच-पाच खळग्यांच्या दोन ओळी कापल्या. सात खळग्यांत चिंचोके टाकून विचारायचं, दहाला किती कमी? मुलगी मोजत बसत नाही, रिकाम्या जागा बघून तीन म्हणते. अख्खा ट्रे पाढ्यांना वापरते. असा धरला तर पाच सक तीस, फिरवला की सहा पंचे तीस. एवढं दिसलं की निम्मे पाढे पाठ करायचं ओझं जातं.

आजोबा, दर्यापूर तालुका

आमच्या वक्ताले पावकी, निमकी, दिडकी, औटकी, हे अपूर्णांकाचे पाढे तोंडपाठ राहे. नातवाले औटकी म्हटलं का हासते. मंग मी खोक्याच्या पुठ्ठ्याच्या गोल भाकरी कापल्या, काही अख्ख्या, काहीचे दोन तुकडे, काहीचे चार. औट म्हंजे साडेतीन. तीन अख्ख्या अन् एक अर्धी अशा दोन थप्प्या लावल्या. अर्धीले अर्धी भेटली अन् सात भाकरी पुऱ्या झाल्या. औट दुणे सात! डोयानं पाह्यलं तवा पोट्ट्याले पटलं. आता थोच मले इचारते, आबा, अडीच चोक किती?

आई, वरुड

आमचा खेळ किराणा दुकानाचा. चहा, मीठ, तेल, बिस्किटं, सगळे रिकामे पुडे. (तेलाचे पुडे गरम पाण्यात साबण घालून भिजत ठेवा, नाहीतर अख्खं दुकान चिकट होतं.) नोटा पोरांनीच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढल्या. मला खरी मजा आली पुड्यांवरचं छापील वाचताना. एक लिटर तेलाच्या पुड्यावर ९१० ग्रॅम लिहिलेलं पोरानं पकडलं. लिटर म्हणजे किलोच ना, आई? मग हँगरला मिठाईच्या खोक्याची दोन झाकणं टांगून तराजू केला. दोन सारख्या छोट्या बाटल्या, एकीत पाणी, दुसरीत तेल, दोन्ही काठोकाठ. पाण्याचं झाकण खाली गेलं. दुकान तिथंच राहिलं आणि घरातलं जे सापडेल ते झाकणात जाऊ लागलं.

पाच रुपयांचे दोन वेगळे बिस्किटपुडे घेऊन शंभर ग्रॅम कितीला पडले, हेही करून बघा. मोठ्या माणसांनाही.

शिक्षक, धारणी तालुका

माझ्या वर्गातली मुलं घरी कोरकू बोलतात. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून ५२ लिहिलं जातं. मराठी घरातली मुलंही हेच करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. मी त्या वादात पडत नाही, काडेपेट्या वाटतो. जळून गेलेल्या काड्या घ्यायच्या, काळं टोक मोडून टाकायचं आणि दहा-दहा पेटीत भरायच्या. पंचवीस म्हणजे दोन पेट्या, पाच काड्या. बत्तीसमधून सात द्यायचे तर सुट्या दोनच, मग पेटी फोडावीच लागते. हातचा घेणं याला आमच्या वर्गात आता ‘पेटी फोडणं’ म्हणतात.

काका, आर्णी

पाण्याच्या बाटल्यांच्या बुचांवर १ ते ९ लिहिले. दोन बुचं उचलून दहा करायचे. झकास चालला, मग बुचं क्रिकेटमध्ये गेली.

मावशी, सिंदेवाही

ढेपीचं पोतं उसवून, उलटं करून त्यावर पाच बाय पाच घरांचा अष्टाचंगचा पट आखला. चार चिंचोके मधोमध फोडून घासले. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, एरवी जितके पांढरे तितकी घरं. भाचा दर वेळी आठच मागायचा. म्हटलं, काय पडतंय ते लिही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर रेघा मारल्या तर दोनाची ओळ सगळ्यात लांब. मग चार चिंचोके मांडून सगळ्या तऱ्हा काढल्या. एकूण सोळा, त्यांत दोन पांढऱ्यांच्या सहा आणि आठाची फक्त एक. अर्थात चिंचोका दोन्ही बाजूंवर सारखाच पडतो असं धरून. घासताना कमीजास्त झालं की हिशोब बिघडतो, आणि पोरं नेमकं तेच करतात.

आता भाची विचारते, पाच चिंचोके घेतले तर? बत्तीस तऱ्हांमध्ये दोनाच्या दहा आणि तीनाच्याही दहाच. मी सांगितलेलं नाही, पुठ्ठा दिलाय.