मदत हवी आहे: टीव्ही गेमवर बांधलेला लूमचा ठेका मंद वाजतोय, वर घूंऽऽ पण येतंय

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, कारण तीन भानगडी एकात एक अडकल्यात आणि कुठली कुठून सुरू होते तेच कळेना झालंय.

आमच्याकडे ९७ सालचा लाल-पांढरा टीव्ही गेम आहे, ६० पिनांची कॅसेट लागते तो, वडिलांनी गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी घेऊन दिलेला. मूळ जपानी फॅमिकॉम (निन्टेन्डोचा टीव्ही गेम) १९८३ चा, हा त्याचा क्लोन, म्हणजे नक्कल. उघडून बघितला तर आत ४० पायांच्या दोन मोठ्या आयसी आहेत, चिप झाकणारा डांबराचा काळा ठिपका नाही. मी पीसीवर फॅमिट्रॅकर ह्या सॉफ्टवेअरमध्ये (त्यात सूर ओळीओळीनं लिहायचे असतात) ट्यून बांधतो, गेमवर चालणारी एनईएस फाइल काढतो आणि मेमरी कार्डवाल्या कॅसेटमधून गेमवर वाजवतो.

ट्यून कसली तर लूमची. काका तीस वर्षं टॉवेलच्या लूमवर आहेत, पुढच्या महिन्यात काम सोडतायत. त्यांच्या कारखान्यात मोबाइल ठेवून आवाज भरून घेतला, मोजला तर मिनिटाला १५० ठोके, आणि फॅमिट्रॅकर उघडल्यावर टेम्पो १५०, स्पीड ६ (एक ओळ टीव्हीची सहा चित्रं टिकते) हेच आधीपासून असतं, म्हणजे चार ओळींना एक ठोका धरला की बरोब्बर लूम! आधी तो आवाज सॅम्पल म्हणून डीपीसीएम चॅनेलला (गेमचा भरून घेतलेले आवाज वाजवणारा भाग) घालून बघितला, पण एका सॅम्पलला ४०८१ बाइटच मिळतात आणि सगळ्यात चांगल्या दर्जाला तेवढ्यात एक सेकंदसुद्धा बसत नाही, शिवाय खरखर लई. मग नॉइज चॅनेलवर (खरखरीचा आवाज काढणारा) दोन आवाज केले, एक धोटा (आडवा धागा नेणारा) पेटीत आपटतो तो, तुटक आणि कोरडा, आणि एक फणी कापडावर बसते तो, थोडा पसरट. खाली ट्रँगल चॅनेलवर बास. त्या चॅनेलला आवाज कमी-जास्त करायची सोयच नसते, चालू किंवा बंद, पण मोटारच्या गुणगुणीला ते उलट शोभतं.

आता अडचणी.

पहिली, पीसीवर ठेका अगदी बरोबर, गेमवर मंद. सूर मात्र तेच. काकांना ऐकवलं तर दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बेल्ट ढिला पडलाय का रे ह्याचा?" त्यांचा कान चुकत नाही. मी फॅमिट्रॅकरमधलं सेटिंग पाल (युरोप-भारताची टीव्ही पद्धत) करून बघितलं, तर सगळी ट्यून एक पट्टी वर चढली, म्हणून परत एनटीएससीला (जपान-अमेरिकेची) आणलं.

दुसरी, मुख्य सुराला जो २५ टक्केवाला (लहर प्रत्येक फेरीत २५ टक्के वेळ वर असते) बारीक नाकातला आवाज दिलाय तो गेमवर भरीव, पोकळ बासरीसारखा येतोय.

तिसरी, मी सोबत ४०१०६ आयसीवर सहा ऑसिलेटरचा, म्हणजे सहा सूर काढणाऱ्या सर्किटांचा, डबा केलाय (बिस्किटाचा पत्र्याचा डबा, सूर फिरवायचे पॉट १ मेगचे, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड), तो आणि गेम एकाच ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर. दोन्हीचा आवाज एकत्र करून लॅपटॉपला रेकॉर्डिंगला दिला की घूंऽऽ येतं, आणि गेमचा आवाज डब्याखाली पार दबून जातो. काय करू?

प्रतिसाद:
भाऊ, पहिल्या दोन्हीचं उत्तर एकच, तुमचा गेम क्लोन आहे आणि आपल्याकडच्या पाल टीव्हीसाठी केलेला आहे. असा क्लोन सेकंदाला ५० चित्रं काढतो, जपानी-अमेरिकन मशीन ६०, आणि ट्यून चित्रागणिक पुढं सरकते, म्हणून १५० चे १२५ झाले. पण प्रोसेसरचा वेग जवळजवळ तोच ठेवलाय, १.७९ च्या जागी १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणून सूर हलत नाही. खरं युरोपियन पाल मशीन १.६६ वर चालतं, फॅमिट्रॅकरचं पाल सेटिंग त्याच्यासाठी आहे, म्हणून तुमची पट्टी चढली. एनटीएससीच ठेवा आणि स्पीड ६ चा ५ करा. ५० ला ५ नं भागलं की सेकंदाला १० ओळी, मिनिटाला ६००, चार ओळींना एक ठोका म्हणजे पुन्हा १५०.

आवाज बदलतो कारण बऱ्याच क्लोन चिपांत २५ आणि ५० टक्क्यांची अदलाबदल झालेली असते. इन्स्ट्रुमेंटमध्ये १ (२५ टक्के) च्या जागी २ (५० टक्के) लिहून बघा. पीसीवर चुकीचं वाजेल, तिकडं लक्ष देऊ नका.

प्रतिसाद:
घूं साठी आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. गेलं तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणारा करंट. थोडं उरलं तर गेममधल्या ७८०५ च्या (९ चे ५ व्होल्ट करणारा आयसी) आधीचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, इतक्या वर्षांत, त्यात सोलापूरचा उन्हाळा, तो वाळलेलाच असणार. नवा घालताना व्होल्टेज २५ चं घ्या, १६ चं नको, जुना अडॅप्टर लोड नसताना ९ पेक्षा बराच वर जातो. ४०१०६ ला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या, आयसीच्या पायांजवळ ०.१ चा कपॅसिटर लावा. आणि डबा सरळ मिसळू नका, तो पूर्ण ९ व्होल्ट फेकतो, गेम एक व्होल्टच्या आसपास. १०० के आणि १० के च्या रेझिस्टरांचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडी) घाला.

धागाकर्ता:
मंडळी लई आभार! स्पीड ५ केला आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग शेजारी लावलं, ठोक्याला ठोका पडतोय. इन्स्ट्रुमेंटला २ लिहिलं, नाकातला आवाज परत आला. चार्जर काढल्यावर घूं जवळजवळ गेलं, बारीकसं उरलंय, म्हणजे कपॅसिटरच, उद्या नवी पेठेत जाऊन आणतो. डिव्हायडर लावलाय, आता दोन्ही ऐकू येतात.

काकांना परत बसवलं. म्हणाले आता बरोबर, पण कांडी (धोट्यातली धाग्याची गुंडाळी) संपली की लूम थांबतो, आपण नवी घालतो, हा तर थांबतच नाही. तेव्हा एक शेवटचं सांगा, मधे चारेक सेकंद सगळं गप्प करून फक्त ट्रँगलची गुणगुण चालू ठेवायची आणि मग पहिला ठोका जरा जड पाडायचा, हे एकाच पॅटर्नमध्ये (फॅमिट्रॅकरमधला ओळींचा गट) करू का वेगळा पॅटर्न घालू? मला ते कांडी बदलायच्या वेळाएवढंच हवंय, काकांच्या हाताचं, मोजून घेतलंय.