अडीनडीचा साठा: कमी पैशांत कसा जमवलात?

सावली: हातातलं काम अचानक सुटलं आणि पुढचे सात आठवडे आमचं घर साठवलेल्या धान्याच्या डब्यांवर चाललं. त्याआधी वर्षभर प्रत्येक खरेदीत एकच वस्तू जास्तीची घ्यायची सवय लावली होती, म्हणून निभावलं. एकदम पोतं आणायची ऐपत तेव्हाही नव्हती. तुम्ही काय केलंत? फुकट गेलेलंही लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

भाडेकरू: माझे दहा किलो तांदूळ गेले. स्वस्तात मिळाले म्हणून एकाच डब्यात ओतून ठेवले. तीन महिन्यांनी झाकण उघडलं तर दाण्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं, तळाशी पीठ आणि कडेने सोंडेवाले किडे निवांत फिरतायत. अंडी दाण्याच्या आतच असतात, त्यामुळे डबा कितीही घट्ट असला तरी उपयोग नाही. आता थोडे थोडे तांदूळ चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ देते, नाहीतर दाण्यांवर दमटपणा धरतो. मग पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरते. बाटली धुतल्यावर दोन दिवस उलटी ठेवायची, आत एक थेंबही नको. चुकून किडे झालेच तर एकच बाटली टाकावी लागते.

रात्रपाळी: पौष्टिक म्हणून बिनपॉलिशचा तांदूळ साठवू नका. कोंड्यातलं तेल सहा महिन्यांत खवट होतं. पांढरा कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो. तेलाच्याही छोट्या बाटल्याच घ्या. मोठा कॅन उघडला आणि अर्ध्यावरच वास यायला लागला, हा स्वानुभव. पण तेल हवंच. लिटरभर तेलात आठ हजारांवर कॅलरी असतात, किलोभर तांदळात साडेतीन हजारांच्या आसपास. कमी जागेत एवढं दुसरं काही मावत नाही.

आळशी बल्लव: मी राजमा साठवला आणि इंधनाचा हिशोबच केला नाही. पाच वर्षं जुना दाणा रात्रभर भिजवून तीन तास शिजवला, तरी दाताखाली खडा. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर जरा नमतो म्हणे. मला उशिरा कळलं. आता फक्त सोललेली मसूर डाळ.

रात्रपाळी: @बल्लव, इंधन वाचवायला राजमा अर्धाकच्चा खाऊ नका बरं. भिजवलेलं पाणी फेकून निदान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा. मंद आचेवर त्यातलं विष जात नाही, पोट उलटून पडतं.

थोरली: सवलतीत मिळाले म्हणून मक्याच्या दाण्यांचे चौदा डबे आणले. घरात कुणीही खाईना. एक डबा फुगला, तो न उघडताच टाकला, चव घेऊन बघायची गोष्टच नाही ती. आणि वीज गेली त्या रात्री लक्षात आलं की आमचं ओपनर विजेवर चालतं! जे रोज खाता तेच साठवा, एवढंच म्हणेन.

भाडेकरू: पाण्याचं कुणीच बोललं नाही? माणशी दिवसाला चार लिटर, निदान तीन दिवसांचं. माझा फ्रीजर निम्मा रिकामाच असतो, तिथे बाटल्या ठेवते, बर्फ फुगतो म्हणून वर चार बोटं जागा सोडून. वीज गेली तरी भरलेला फ्रीजर दार न उघडता दोन दिवस गार राहतो, अर्धा भरलेला एकच दिवस. वितळलं की तेच प्यायला.

सावली: कुणीतरी व्यक्तिगत निरोपातून विचारलंय, राखीव डब्याला हात न लावण्याचा नियम कसा पाळलास? नाही पाळला. रोज त्यातलंच खाते, नवं आणलं की मागे सरकवते. चिकटपट्टीवर खरेदीचा महिना लिहिलेला असतो, एवढीच शिस्त. तेव्हा सातव्या आठवड्याअखेर मीठ, तळाशी थोडी साखर आणि मसूर उरली होती. धाकटा अजून मसूर दिसली की ताट सरकवतो.