गंजलेली सेकंडहँड गाडी: दुरुस्त करू की एक्स्चेंजला देऊ? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडी १२ वर्षांची. आमच्याकडे येऊन ४ वर्षं झाली, घेतली तेव्हाच सेकंडहँड होती. इंजिनाची काही तक्रार नाही, एका सेल्फमध्ये चालू होते. रडगाणं आहे ते पत्र्याचं.

गेल्या महिन्यात गाडी पुसताना मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली मसुराएवढे दोन-तीन फोड दिसले. एक नखाने दाबला, तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि आतून तांबडा भुगा बोटाला लागला. मग शंका आली म्हणून ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली. वरून मॅट कोरडी, पण खालचं कार्पेट पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं. गाडीत कुबट वास येतोय असं मुलगी कधीपासून म्हणत होती. मी मात्र एअर फ्रेशनर बदलत बसले होते.

दोन गॅरेजं झाली. पहिल्याने उभ्या उभ्याच सांगितलं, "ताई, पुटी भरून रंग मारून देतो, दोन दिवसांत गाडी नव्यासारखी." दुसऱ्याने लिफ्टवर चढवून खालून बॅटरी मारली आणि म्हणाला, "पत्रा कापून नवा जोडावा लागेल. उघडल्याशिवाय खर्च सांगत नाही." तिसरा पर्याय शोरूमचा. त्यांनी खाली न वाकताच एक्स्चेंजचा आकडा सांगून टाकला, तोही माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला. तिथेच मला खटकलं.

नवऱ्याचं मत, काढून टाक. माझा जीव इंजिनात अडकलाय. तुम्ही काय कराल?

प्रतिसाद १

ताई, माझी निम्मी हयात डेंटिंगच्या कामात गेली, म्हणून स्पष्ट बोलतो. गाडी किती वर्षांची आणि इंजिन कसं, हे नंतर. आधी गंज कुठे आहे ते बघा.

आजकालच्या बहुतेक कारना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दार, बॉनेट, डिकीचं झाकण गंजलं तर ते दिसण्याचं दुखणं. पण दाराखालचा रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, फ्लोअर, पुढच्या शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं तो भाग, सस्पेन्शन जिथे बोल्टने धरलेलं असतं ते सगळं, हे सडलं तर गाडीचं हाडच मोडलं म्हणा. धडक बसली तर गाडीने जसं दुमडायला हवं तसं ती दुमडत नाही.

फोड येतो कारण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो रंगाला खालून उचलतो. कमानीवरचा गंज बऱ्याचदा आतल्या बाजूने पोखरत आलेला असतो. चाकाने उडवलेला चिखल आतल्या कडेवर साचून राहतो आणि ओल धरतो. म्हणजे बाहेर मसूर दिसला तर आत रुपयाएवढं भोक असू शकतं.

घरच्या घरी करण्यासारखं: एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने रनिंग बोर्डवर ठोकत जा. धड पत्रा टणटण वाजतो, सडलेला भदभद. भदभद वाजला तिथे टोकाने जरा दाबून बघा. शिवाय रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक कमानीवर फिरवा. पत्रा लोखंडी असून चुंबक धरत नसेल, तर आधीच्या मालकाने तिथे जाड पुटी भरलेली आहे.

पुटीवाल्याकडे मात्र जाऊ नका. गंजावर पुटी म्हणजे जखम न धुता पट्टी. थोड्याच दिवसांत फोड परत येणार, आधीपेक्षा मोठे.

प्रतिसाद २

पत्र्याचं वरच्यांनी सांगितलंय. मी ओलीबद्दल सांगतो. पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय वेल्डिंगला एक पैसाही घालू नका. पुढच्या काचेखाली वायपरपाशी जाळी असते, तिथे पाला अडकून निचरा तुंबतो आणि पाणी आत उतरतं. एसीचा ड्रेन पाइप तुंबला तरी पुढचं कार्पेट भिजतं. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, तीही तारेने मोकळी करा. माझ्या गाडीत एसीचा पाइपच निघाला, पाच मिनिटांचं काम.

प्रतिसाद ३

शोरूमच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. आधी नुसतं विचारा, "एक्स्चेंज नाही, जुनी गाडी नाही, तर नवी केवढ्याला?" सगळी सूट धरून आकडा लिहून घ्या. मग जुनीचा विषय काढा. नव्या गाडीची सूट कमी करून तेच पैसे जुनीच्या नावावर दाखवलेले असतात बऱ्याचदा. खरा फरक किती द्यावा लागतो तेवढंच बघायचं. आणि गंज लपवू नका. नंतर तपासणीत निघाला की ऐनवेळी भाव पाडतात.

दुरुस्तीवर घातलेले पैसे विकताना वसूल होत नाहीत हेही धरून चाला. स्वतः अजून तीन-चार वर्षं वापरणार असाल तरच करा, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. रविवारी सतरंजी टाकून गाडीशेजारी आडवी झाले, शेजारचे काका चहाचा कप घेऊन बघत उभे.

डावीकडे सगळीकडे टणटण. उजवीकडे मागच्या कमानीपासून वीतभर पुढे आवाज बदलला. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून जरासा जोर दिला, तर टोक आत गेलं. काढलं तेव्हा त्यासोबत चुरा आणि ओली माती आली. जॅक लावायची जागा तिथून जेमतेम चार बोटं. कमानीवर चुंबक धरलाच नाही. म्हणजे मला विकली तेव्हाच ती पुटी भरलेली होती! फ्लोअरवर वरवरचा गंज, ठोकल्यावर आवाज चांगला. कार्पेट भिजायचं कारण वायपरखालचा पाला, मूठभर निघाला.

आता फ्लोअर ठीक पण रनिंग बोर्ड सडलेला, असं असेल तर?

प्रतिसाद १

एकाच बाजूला असेल तर होण्यासारखं आहे. दुसऱ्या गॅरेजवाल्याकडेच जा, उघडल्याशिवाय खर्च सांगत नाही म्हणाला तोच खरा कारागीर. त्याला तीन गोष्टी विचारा: धड पत्रा लागेपर्यंत कापणार का, जोडल्यावर पुन्हा गंज धरू नये म्हणून आतल्या पोकळीत मेण फवारणार का, आणि काम चालू असताना फोटो देणार का. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगा. ब्रेकचे पाइपही त्याच वेळी बघून घ्या, ते गंजून फुटले तर ब्रेक दगा देतो. उघडल्यावर सड सस्पेन्शनच्या बोल्टपर्यंत गेलेली दिसली, तर तिथेच काम थांबवा आणि गाडी सोडून द्या. तोवर त्या बाजूला जॅक लावू नका.

धागाकर्ती

बुधवारी गाडी टाकतेय. नवऱ्याला फक्त "उघडून बघायला" एवढंच सांगितलंय.