इटलीत गाडीने खाद्यभ्रमंती: सप्टेंबरात कुठला भाग निवडावा?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरात आई-बाबा, नवरा आणि मी दहा-बारा दिवसांसाठी इटलीला जातोय. शहरं फारशी करायची नाहीत, शेवटी रोम थोडंसं पाहिलं तरी पुरे. गाडी भाड्याने घेऊन द्राक्षमळ्यांतून हिंडायचं, शेतावरच्या घरात राहायचं आणि जिथलं तिथलं खायचं, एवढीच इच्छा आहे.

दोन अडचणी आहेत. बाबा दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणीच्या तयारीला त्यांना घरी असावंच लागतं, म्हणजे २०-२२ सप्टेंबरपर्यंत परत यायला हवं. तिकडची द्राक्षकाढणी बघायची त्यांना फार ओढ आहे. आणि आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिने रोज सॅलड आणि पाव खाऊन दिवस काढावेत असं मला अजिबात नकोय.

मनात पिडमाँटमधला बारोलोचा भाग आहे, पण एमिलिया आणि तोस्काना (टस्कनी) या भागांबद्दलही खूप ऐकलंय. तिन्ही जमतील का?

टेकडीवरची वाट

बारोलोचा भाग, म्हणजे लांगेच्या टेकड्या, हा माझा इटलीतला सगळ्यात आवडता कोपरा. तरीही यावेळी तिकडे जाऊ नका असंच सांगेन.

एक तर नेब्बिओलो हे उशिरा पिकणारं द्राक्ष. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही वाइन त्याच्याच, आणि त्याची काढणी बहुतेक ऑक्टोबरात होते. आल्बा गावाची पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक बुरशीची) जत्राही ऑक्टोबरातच सुरू होते. तुम्ही पोचाल तेव्हा डोल्चेत्तोसारखी लवकर येणारी द्राक्षं निघत असतील, पण ज्यासाठी एवढ्या लांब जायचं तो हंगाम हुकेल.

दुसरी अडचण जेवणाची. तिथल्या ताजारीन शेवयांत अंड्याचे पिवळे बलक भरपूर असतात, आन्योलोत्ती या भरलेल्या पास्त्याच्या पोटात मांस, आणि बान्या काउदा हे भाज्या बुडवून खायचं प्रकरण अँकोव्ही माशांवर उभं आहे. आईंसाठी पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, तेवढी उरेल. बारोलो पुन्हा कधीतरी दोघंच ऑक्टोबरात करा, तेव्हा सविस्तर लिहीन.

मुक्काम मोदेना

मी कामानिमित्त इथेच राहतो. एमिलिया जरूर करा आणि ती बाबांसाठी करा, त्यातही बाल्सामिक व्हिनेगरसाठी. आपल्याकडे मॉलमध्ये मिळतं ते सहसा वाइन व्हिनेगर मिसळून केलेलं असतं. मोदेनाचं पारंपरिक बाल्सामिक वेगळंच. त्यात फक्त द्राक्षाचा रस असतो, दुसरं काही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्रेब्बियानो किंवा लांब्रुस्को द्राक्षांचा रस उघड्या कढयांत तासन्‌तास आटवतात. उसाचं गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला तो वास आणि तो रंग बघून कोणी काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

मग तो रस घराच्या माळ्यावर पिंपांत जातो. मोठ्यापासून लहान होत गेलेली पिंपं ओळीने मांडलेली असतात. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशी वेगवेगळ्या लाकडांची. माळाच का, तर उन्हाळ्यातली तलखी आणि हिवाळ्यातली थंडी दोन्ही त्याला लागतात. दरवर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडंसं काढायचं, ते त्याच्या शेजारच्या मोठ्या पिंपातून भरायचं, त्या मोठ्यात त्याहून मोठ्यातलं, आणि शेवटच्यात नवा आटवलेला रस. किमान १२ वर्षं झाल्याशिवाय विकता येत नाही. जुन्या प्रकाराला २५ वर्षं लागतात. बाटली फक्त १०० मिलीची. मूल जन्मलं की त्याच्या नावाने पिंपांची नवी ओळ सुरू करायची इथे पद्धत आहे. अशी बरीच घरं आधी वेळ घेतली तर प्रेमाने माळा दाखवतात. स्पिलाम्बेर्तो गावात याचं संग्रहालयही आहे. चमच्यातून चाखायला देतात, आणि ते आईंनाही चालेल.

लांब्रुस्कोचे मळे मोदेनाच्या आजूबाजूला सपाटीवर आहेत. तिथे वेली बऱ्याच ठिकाणी उंच तारांवर चढवलेल्या दिसतील. बाबांना आपला मांडव आठवेल आणि ते शेतकऱ्याला शंभर प्रश्न विचारतील, तेव्हा वेळ हाताशी ठेवा.

अनुराधा७२

मुक्काम मोदेना, सगळं मान्य. पण शाकाहारी माणसाला एमिलियात काय काय सांभाळावं लागतं ते मी सांगते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि हे हॉटेलवाले आपणहून सांगत नाहीत.

पार्मेजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध फाडणाऱ्या पाचक रसाने) विरजतात, दुसऱ्या कशाने ते करताच येत नाही, नियमच तसा आहे. ग्राना पादानो या चीजलाही प्राणिज रेनेटच असतं. तेव्हा आई ते खाणार की नाही, हे घरूनच ठरवून निघा. तिकडची ताजी पास्ता बहुतेक अंड्याची. न्योक्को फ्रित्तो, म्हणजे पिठाच्या फुगलेल्या पुऱ्या, पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत तळतात, आणि पियादिना पोळीतही बऱ्याचदा चरबी असते. ऑलिव्ह तेलातली वेगळी मागावी लागते. भाजीच्या रिसोत्तोत, म्हणजे तिकडच्या मऊ भातातही, मांसाचं पाणी असू शकतं.

म्हणून माझं मत: मोदेनाला थोडा मुक्काम, बाकीचा सगळा वेळ दक्षिण तोस्काना. तिथलं शेतकऱ्यांचं जेवण गरिबीतून आलंय आणि त्यातलं बरंचसं मुळातच शाकाहारी आहे. पीची म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, मूळ पद्धतीत नुसत्या पीठ-पाण्याच्या (काही ठिकाणी अंडं घालतात, विचारून घ्या). आल्योने नावाचा मोठा लसूण आणि टोमॅटो यांच्या रश्शात त्या अप्रतिम लागतात. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळी कोबी यांचं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो (पाव-टोमॅटोचं दाट सूप), पान्झानेल्ला (भिजवलेल्या पावाचं सॅलड) आहेत. चेचीना मिळाली तर सोडू नका, हरभऱ्याच्या पिठाचा भट्टीतला पातळ थर असतो. तोस्कानाचा पाव मिठाशिवायचा असतो, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

चीजही तिथे सोपं आहे. लेबलवर 'काल्यो वेजेताले' असेल तर ते वनस्पतीजन्य रेनेटचं. व्होल्तेर्राकडचं एक पेकोरिनो रानटी आर्टिचोकच्या फुलांनी विरजतात. पियेन्झातल्या दुकानांतही असं पेकोरिनो शोधलं की मिळतं.

द्राक्षवेल

अनुराधाताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. रेनेटचं चीज खाणार नाही म्हणाली, पण पीचीसाठी आत्ताच तयार आहे. :) तोस्कानात मुक्काम कुठे करावा? आणि नवरा गाडी चालवणार, तर वाइन चाखण्याचं काय?

घाटवळण

मुक्काम मोंतेपुल्चानो किंवा मोंताल्चिनो गावाजवळ, पायी गावात जाता येईल असा. शेतावर राहायचा हट्ट असेल तर निदान एक-दोन रात्री तरी गावाच्या वेशीवर काढा. मोंतेपुल्चानोत जुन्या घरांखाली दगडी तळघरं आहेत, रस्त्यावरून सरळ आत शिरता येतं, खाली प्रचंड पिंपं. तिथे चाखायला गाडीच लागत नाही. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि लायसन्स तीन वर्षांच्या आतलं असेल तर शून्य. मळ्यावर गेलात तर चालकाने चाखून थुंकावं. भांडं ठेवलेलंच असतं, कोणी वाईट मानत नाही.

गाडीबद्दल:
- आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघण्याआधी काढा, मूळ लायसन्सही सोबत हवं.
- ऑटोमॅटिक हवी असेल तर फार आधी बुक करा.
- जुन्या गावांच्या दारात 'झेड टी एल' लिहिलेली पाटी असते, म्हणजे परवानगीशिवाय गाडी आत नेता येत नाही. आत कॅमेरे आहेत, दंड भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो. गाडी वेशीबाहेर लावून चालत आत जा. मुक्काम आतच असेल तर घरमालकाला नंबर कळवून परवानगी मिळेल का ते आधी विचारा.
- पार्किंगच्या पांढऱ्या रेषा बहुधा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या राखीव.
- टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपास (आपल्या फास्टॅगसारख्या) रांगेत शिरू नका.
- 'बेंझिना' पेट्रोल, 'गाझोलिओ' डिझेल.

मोदेनाहून मोंतेपुल्चानो साधारण तीन तास, जवळजवळ सगळा ए-१ महामार्ग. मळ्यांकडे जाणारे पांढरे खडीचे रस्ते सावकाश घ्या. टायर आणि गाडीचा तळ बऱ्याच विम्यांत धरलेला नसतो. शेवटी गाडी रोम शहरात न नेता फ्युमिचिनो विमानतळावर सोडा आणि तिथून रेल्वेने शहरात जा.

टेकडीवरची वाट

घाटवळणशी सहमत. काढणीचं सांगतो. तोस्कानाचं सांजोव्हेजे द्राक्ष साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून निघू लागतं, उन्हाळा किती तापला त्यावर पुढेमागे. म्हणून आधी मोदेना, नंतर तोस्काना हाच क्रम ठेवा. दक्षिणेत जितकं उशिरा पोचाल तितकी काढणी दिसायची शक्यता जास्त. मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो वाइन शंभर टक्के सांजोव्हेजेची, आणि काढणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी ती बाजारात येत नाही. बाबांना हे आवर्जून सांगा: एवढी वर्षं पैसा अडकवून ठेवणारे शेतकरी कसे टिकतात, हे विचारण्याजोगं आहे. रोज प्यायला मात्र रोस्सो दी मोंताल्चिनो घ्या. द्राक्ष तेच, किंमत बरीच कमी.

काढणीच्या दिवसांत लहान मळेवाल्यांना पाहुण्यांसाठी सवड नसते. आत्ताच मेल टाका आणि त्यात 'वडील द्राक्ष शेतकरी आहेत' हे पहिल्याच ओळीत लिहा.

मुक्काम मोदेना

एक राहिलं. पार्मेजानो खाणार नसलात तरी ते करताना बघायचं असेल तर सकाळी आठ-साडेआठला पोचावं लागतं. रोज पहाटे तांब्याच्या कढयांत काम सुरू होतं, चीजच्या एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध, आणि दुपारपर्यंत सगळं धुऊन झालेलं असतं. इथल्या गोठ्यांत पंजाबी माणसं फार आहेत. रेज्जो एमिलियाजवळ नोव्हेलाराला मोठा गुरुद्वारा आहे. आईंना मधेच वरण-भाताची आठवण आली तर लंगरला बसा, मोदेनाहून तासाभराच्या आतलं अंतर आहे.

द्राक्षवेल

ठरलं मग. बोलोन्यात गाडी घ्यायची, मोदेनाजवळ चार रात्री, मोंतेपुल्चानोत पाच, शेवटी रोम. मळेवाल्यांना मेल आज रात्रीच टाकते. बाबा विचारताहेत, वेलींची छाटणी तिकडे कधी करतात?

टेकडीवरची वाट

हिवाळ्यात, वेली झोपलेल्या असताना, वर्षातून एकदाच. खरड आणि गोडी अशा दोन छाटण्या आपल्याकडे कशासाठी कराव्या लागतात, हे बाबांनी त्यांना सांगावं. तिकडचे शेतकरी मन लावून ऐकतील.

परतताना भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.